दुसऱ्या क्लर्कशिपआधी

चि. वकीलबाई,
अनेक आशीर्वाद.

मुंबई उच्च न्यायालयातले तुझे लॉ क्लर्कचे, म्हणजे न्यायमूर्तींच्या मदतनिसाचे, वर्ष संपत आले आहे, सर्वोच्च न्यायालयातल्या एका न्यायमूर्तींकडे आणखी एक वर्ष काम करण्याची संधी समोर आहे, आणि दिल्ली की सांगली या विचाराने तुझी झोप उडाली आहे. संधी मानाची आहे आणि तू तिला लायक आहेस, हे मी धरूनच चालतो. माझा प्रश्न एवढाच आहे की तू कोर्टासमोर उभी कधी राहणार?

क्लर्कशिपने तुला वाचायला शिकवले. जाडजूड याचिकेतून नेमका मुद्दा उचलून दोन पानी टिपण कसे करावे, कोणता युक्तिवाद न्यायमूर्ती ऐकताक्षणी बाजूला ठेवतात, हे तू आतून पाहिलेस. दिल्लीत हेच अधिक वेगाने करशील. अपिलाची परवानगी मागणाऱ्या विशेष अनुमती याचिकांचे गठ्ठे येतील आणि त्यातल्या कितीतरी काही मिनिटांत फेटाळल्या जाताना पाहशील. मात्र या काळात वकिली करता येत नाही. एक वर्ष ठीक आहे, पण दुसरे कशासाठी, याचे उत्तर तुझ्या पत्रात मला सापडले नाही. नाव होईल, हे उत्तर नव्हे.

तू लिहितेस की सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आणि लॉ क्लर्कचा अनुभवही त्यात धरायला सांगितला, तेव्हा वर्ष वाया जाणार नाही. अर्ज भरताना नाही जाणार. पण ती अट परत का आली, तेही वाच. कोर्टाचा अनुभव नसताना थेट न्यायासनावर बसलेल्यांच्या अडचणी उच्च न्यायालयांनीच मांडल्या होत्या.

विनीता शर्मा खटल्याचा ११ ऑगस्ट २०२० चा निकाल तुला पाठ असेल. मुलीचा सहदायादाचा, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतल्या वाटेकरणीचा, हक्क जन्मापासूनचा आहे. आता समज, वाटपाच्या दाव्यात अशा एका मुलीची वकील म्हणून तू उभी आहेस आणि भावांनी हक्कसोड पत्र पुढे केले आहे. पत्रावरच्या साक्षीदाराला तू मराठीत विचारतेस, "हे बहिणीला वाचून कोणी दाखवले?" तो म्हणतो, "लिहिणाऱ्याने दाखवले असेल." तिथे थांबायचे असते. नवखा वकील "असेल म्हणजे काय?" असे विचारतो, साक्षीदार सावरतो, "दाखवलेच, मी ऐकले" असे सांगून मोकळा होतो, आणि अशिलाची जमीन त्या एका प्रश्नात अडकते. हे थांबणे कोणत्याही चेंबरमध्ये बसून येत नाही. ते उभे राहूनच येते.

माझा हा हट्ट कुठून आला, तेही सांगतो. सनद मिळाल्यावर मी मुंबईत एका ज्येष्ठ वकिलांकडे होतो. मसुदे मी करायचे, दाखले मी शोधायचे, आणि उभे मात्र दुसऱ्या कोणी राहायचे. तारीख मागण्यापलीकडे मला तोंड उघडू दिले गेले नाही. त्या वर्षांची हळहळ अजून जात नाही. सांगलीला आलो तेव्हा लोक म्हणाले, मुंबईत जमले नाही म्हणून परतला. म्हणोत. तालुक्याच्या कोर्टात अंगठा उठवणारा अशील माझ्या भरवशावर बाकावर बसलेला असायचा आणि मला उभे राहावेच लागायचे. त्यातून जो वकील घडला, त्याची मला लाज वाटत नाही. शिवाय १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसते आहे. त्यासाठी आम्ही दशकानुदशके भांडलो, आणि आता सांगलीच्या वकिलाला अपील चालवायला मुंबई गाठावी लागत नाही. जिल्ह्यात राहणे म्हणजे मागे राहणे, हे तुझ्या मनात कोणी भरवले?

तुला कायदा शिकवायचा असेल, संशोधन करायचे असेल, तर दिल्लीला जरूर जा. मी एक शब्द बोलणार नाही. पण तुझ्या पत्रात तीन ठिकाणी "मला बाजू मांडायची आहे" असे वाक्य आहे. मग उभी राहा ना! भीती वाटते म्हणून वर्ष पुढे ढकलत असशील, तर पुढच्या वर्षी ती भीती एवढीच असेल, आणि लोकांच्या तुझ्याकडून अपेक्षा मात्र वाढलेल्या असतील.

नकार द्यायचा असेल तर तो याच आठवड्यात कळव, म्हणजे दिल्लीच्या न्यायमूर्तींना दुसरा उमेदवार निवडायला वेळ मिळेल. तासगावच्या कोर्टात माझा एक वाटपाचा दावा पुराव्याला लागला आहे. तुझी मुंबईतली मुदत संपली की वकालतनाम्यावर माझ्याबरोबर तुझीही सही घेऊ, आणि प्रतिवादीच्या दुसऱ्या साक्षीदाराचा उलटतपास तू घे. मी मागे बसेन, मध्ये बोलणार नाही.

तुझा,
वकीलकाका