यादवीचे वळण : खेड, वारणा की कुलाबा?

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळात शाहू महाराज आणि महाराणी ताराबाई यांच्यातील यादवीवर चर्चा झाली. बहुतेकांनी १७०७ ची खेडची लढाई निर्णायक मानली. मी १७३१ च्या वारणेच्या तहाचा आग्रह धरला. खरे वळण कोणते मानावे?
— एक वाचक, हरिपूर (जि. सांगली)

उत्तर : कृष्णा-वारणेच्या संगमावर राहणाऱ्याला वारणेचा तह जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. त्या तहाने संगमापासून दक्षिणेस तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख करवीरच्या (कोल्हापूरच्या) गादीवरील संभाजीराजांकडे, म्हणजे ताराबाईंच्या सावत्र मुलाकडे, गेला, आणि आजही सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांची हद्द काही अंतर वारणेनेच आखलेली आहे. परंतु १३ एप्रिल १७३१ चा तह हा यादवीचा शेवट होय. वरचढ कोण, हे त्याच्या कितीतरी आधी ठरून गेले होते.

खेडचा दावा अधिक भक्कम आहे. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहू महाराजांना ताराबाईंनी तोतया ठरवले आणि धनाजी जाधव व परशुरामपंत प्रतिनिधी यांना त्यांच्यावर पाठवले. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमेकाठी धनाजी महाराजांना मिळाले आणि परशुरामपंतांनी साताऱ्याच्या किल्ल्याचा आश्रय घेतला. किल्ल्याचा हवालदार शेख मिरा याचे कुटुंब वाईस होते. ते ताब्यात घेऊन तोफेच्या तोंडी देण्याची धमकी महाराजांनी दिली, तेव्हा त्याने पंतांनाच कैद करून किल्ला स्वाधीन केला. १२ जानेवारी १७०८ रोजी तेथे राज्याभिषेक झाला.

तरीही खेडला मी वळण म्हणणार नाही. ज्या घटनेनंतर हरणाऱ्या पक्षाला डाव पुन्हा उलटवता येत नाही, तिलाच वळण म्हणावे, असे माझे मत आहे, आणि खेडनंतर डाव जवळजवळ उलटला होता. महाराजांनी घेतलेला पन्हाळा ताराबाईंनी परत मिळवला. १७११ मध्ये धनाजींचा मुलगा, सेनापती चंद्रसेन, महाराजांच्या पक्षातील बाळाजी विश्वनाथांशी बिनसल्यावर ताराबाईंना मिळाला. त्याच्या पाठलागामुळे बाळाजींना वाईजवळच्या पांडवगडावर आसरा घ्यावा लागला. (ज्या जाधवांमुळे खेड जिंकले, त्यांच्याच घराने चार वर्षांत साथ सोडली, हे आपल्या मंडळात अवश्य मांडावे.) पुढे ताराबाईंच्या पक्षातील, कुलाब्याचे आरमार सांभाळणाऱ्या कान्होजी आंग्र्यांनी लोहगड घेतला, चालून आलेले महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले आणि खुद्द साताऱ्यास धास्ती पडली.

याच पेचात, १७१३ च्या नोव्हेंबरात, महाराजांनी बाळाजींना पेशवेपद दिले. त्यांनी कान्होजींशी लढण्याऐवजी बोलणी केली. सरखेलपद (आरमाराचे प्रमुखपद) आणि कोकणातील किल्ले त्यांच्याकडे कायम करून त्यांना महाराजांच्या बाजूस आणले, आणि बहिरोपंतांची सुटका झाली. कुलाब्याचे आरमार व घाटमाथ्यावरचा दाब एकाच वेळी गमावल्यावर ताराबाईंच्या पक्षाला साताऱ्यावर चालून जाण्याइतके बळ पुन्हा कधीच जमवता आले नाही. माझ्या मते वळण ते हेच, मग त्या दिवशी रणांगणावर एकही तोफ डागली गेली नसली तरी.

१७१४ मध्येच ताराबाईंच्या सवती राजसबाई यांनी ताराबाई आणि त्यांचे पुत्र शिवाजी यांना पन्हाळ्यावर नजरकैदेत टाकून आपले पुत्र संभाजी यांना गादीवर बसवले. तेच वळण का मानू नये, असे कोणी विचारील. त्या घटनेने करवीरच्या गादीवरचा धनी बदलला. आंग्रे मात्र तोवर साताऱ्याचे झाले होते, आणि नव्या धन्याला ते परत वळवता आले नाहीत.