कार्ड पाच लाखाचं, तरी शुगरच्या गोळ्या इकतच?

प्रश्न: माय ओट्यावरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं. आधी गावच्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, तिथून ग्रामीण रुग्णालयाला धाडलं, ग्रामीणनं जिल्ह्याच्या सिव्हिलला अन् सिव्हिलवाले म्हणले मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याला न्या. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर. सिव्हिलला एक रुपया घेतला नाही पण मेडिकलला पावती फाडावी लागली. ऑपरेशन कार्डावर फुकट झालं, खोटं कामून बोलू. पण मायच्या शुगरच्या गोळ्या अन् रक्त तपासणी आम्ही बारा महिने इकत घेतोय. सरकार एकच हाय ना, मग हे दवाखाने कुणाकुणाचे, अन् पैसा येतो कुठून?
— एक वाचक, बालाघाटच्या डोंगराजवळून

उत्तर: भाऊ, मायला उठता-बसता यायला लागलं असेल अशी आशा करतो.

ते चारही केसपेपर बाजेवर पसरा अन् नुसती वरची ओळ वाचा. पीएचसी चालवते जिल्हा परिषद, तिथला साहेब म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय आणि सिव्हिल राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं, तिथला साहेब जिल्हा शल्य चिकित्सक, ज्याला आपण सिव्हिल सर्जन म्हणतो. आणि मेडिकल, म्हणजे संभाजीनगरची घाटी घ्या, अंबाजोगाई घ्या, हे वैद्यकीय शिक्षण खात्याचं, ते खातंच वेगळं. म्हणजे तुमची माय एका सरकारच्या चार दवाखान्यांत नाही, तीन मालकांच्या दारातून फिरली. १५ ऑगस्ट २०२३ पासून उपकेंद्रापासून सिव्हिलपर्यंत तपासणी-उपचार मोफत झाले, पण तो निर्णय होता आरोग्य विभागाच्या दवाखान्यांपुरता, मेडिकल त्यात नव्हतं. तुमची पावती फाटली ती तिथं.

ही उतरंड मुळात चांगल्या डोक्यातून आली बरं का. १९४६ ला देशाच्या आरोग्य व्यवस्थेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीनं सांगितलं होतं की गावाजवळ छोटा दवाखाना असावा आणि अवघड पेशंट वर जावा. आज सपाट भागात साधारण ५,००० लोकांमागे उपकेंद्र, ३०,००० मागे पीएचसी आणि १,२०,००० मागे ग्रामीण रुग्णालय असा हिशोब कागदावर आहे. पेशंट वर जातो, त्याचा कागद मात्र खालीच राहतो, अन् मधी डॉक्टरची खुर्ची रिकामी असली की सगळी गर्दी मेडिकलच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकून बसते, हे तुम्ही पाहून आलात.

आता पैसा. आपल्या राज्यघटनेत आरोग्य हा राज्याचा विषय आहे, म्हणून पगार, इमारती, औषधं हा मोठा भार राज्याच्या बजेटवर. त्याच्या जोडीला २००५ पासून केंद्राचं आरोग्य अभियान, त्यात आता केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के, तुमच्या आशाताईच्या मोबदल्याचा काही भाग याच पैशातून निघतो. हे सगळं आपल्याच करातून, काडीपेटी घेतली तरी आपण कर भरतोच की.

कार्डाची, म्हणजे महात्मा फुले जन आरोग्य योजनेची, गोष्ट वेगळी. कार्डावर पाच लाख जमा नसतात, बरेच जण तसं समजून बसतात. वर्षभरात एका कुटुंबाला पाच लाखापर्यंतचे ठराविक उपचार करता येतात, त्या उपचारांचे दर आधीच ठरलेले, तेवढे पैसे दवाखान्याला मिळतात, अन् आरोग्यमित्र, म्हणजे दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस, तुमचं रेशनकार्ड बघून त्याच्याच मंजुरीसाठी नोंद टाकतो. राज्याची ही योजना २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात मराठवाड्यातलं एकटं नांदेड होतं. पुढं शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत पांढऱ्या रेशनकार्डाच्या शेतकऱ्यांनाही घेतलं, त्यात आपले आठही जिल्हे.

पण कार्ड चालतं ते ॲडमिट झाल्यावर. खुबा मोडला तर कार्ड, शुगर असेल तर खिसा. शुगरची गोळी, दर तीन महिन्याला लॅबवाल्याचं बिल, तालुक्याला जायचं काळीपिवळीचं भाडं, हे कुठल्याच पॅकेजात बसत नाही. देशाच्या आरोग्य हिशोबात २०२१-२२ साली खर्चाच्या दर १०० रुपयांत ३९ रुपये लोकांनी स्वतःच्या खिशातून घातले. २०१३-१४ ला ते ६४ होते, कमी झाले हे खरंच, पण २०२१-२२ हे साल कोरोनाच्या लसीकरणाचं होतं, तेव्हा सरकारनंही जास्त ओतलं होतं. माझं मत विचाराल तर पाच लाखाच्या कार्डाचे जेवढे बोर्ड लागले तेवढ्या जागी पीएचसीच्या कपाटात गोळ्या भरल्या असत्या तर तुमच्या मायचं जास्त भलं झालं असतं.

बीपी-शुगरच्या गोळ्या उपकेंद्रात आणि पीएचसीत फुकट मिळायला पाहिजेत, त्यासाठी वेगळा कार्यक्रमच आहे. तीस वर्षांपुढच्या माणसांची तपासणीही त्यातच होते. मायचं डिस्चार्ज कार्ड अन् जुन्या गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला भेटा, नाव नोंदवा, महिन्याच्या गोळ्या मागा. "स्टॉक संपला, बाहेरून घ्या" म्हणून चिठ्ठी दिली तर कधी येणार ते विचारा, अन् नाहीच आला तर अर्ज जिल्हा परिषदेत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडं द्या. सिव्हिल सर्जनकडं नेऊ नका, तो म्हणेल पीएचसी माझी नाही, अन् त्याचं बरोबरच असेल.