ओवेन कॉईल भारतातच का चमकला?

तुमचा प्रश्न असा की प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगमधून, नारळ मिळालेला हा कोच आपल्याकडे येऊन एवढा चालला, म्हणजे आयएसएलचा, आपल्या इंडियन सुपर लीगचा, दर्जाच तेवढा का? मला नाही पटत. मी सावंतवाडीचा, एफसी गोवा या क्लबचा पाठीराखा, म्हणजे या माणसाने आम्हाला रडवलंय, तरी सांगतो.

कॉईल ग्लासगोजवळच्या पेस्लीचा, जन्म 1966, स्ट्रायकर. डम्बार्टन, क्लाईडबँक, एअर्ड्री असे क्लब करत करत इंग्लंडच्या बोल्टनला पोचला. जन्म स्कॉटलंडचा पण घराण्याची मुळं आयर्लंडची, त्यामुळे एकमेव आंतरराष्ट्रीय मॅच 1994 साली आयर्लंडकडून. 1995 ची प्लेऑफ फायनल, म्हणजे जिंकणारा प्रीमियर लीगमध्ये जातो ती मॅच, मिळाली तर जरूर बघा, रेडिंगविरुद्ध बोल्टन 2-0 मागे, शेवटची पंधरा-वीस मिनिटं उरलेली, कॉईलने एक गोल परत केला आणि तिथून मॅच फिरली ती एक्स्ट्रा टाइममध्ये 4-3. माझ्या मते कोच म्हणूनही त्याने आयुष्यभर हेच केलं, खाली गेलेली टीम उचलायची, आणि बचाव करून नाही तर पुढे जाऊन.

बर्नली हे कापड गिरण्यांचं गाव. तिथला क्लब 1976 नंतर टॉप डिव्हिजनमध्ये नव्हता. हा हाफ पँट घालून टचलाईनला उभा राहणारा माणूस आला, 2009 च्या प्लेऑफ फायनलमध्ये शेफील्ड युनायटेडला वेम्बली स्टेडियमवर 1-0 हरवून क्लबला 33 वर्षांनी वर नेलं, आणि ऑगस्टमध्ये रॉबी ब्लेकच्या त्या व्हॉलीवर मँचेस्टर युनायटेडसुद्धा हरली. आणि मग जानेवारी 2010 मध्ये सीझन अर्धा असतानाच तो बोल्टनला निघून गेला. बर्नलीवाल्यांनी त्याला अजून माफ केलेलं नाही आणि त्यांचं काही चुकत नाही, टीम त्याच सीझनला परत खाली गेली. खेळाडू म्हणून प्रेम मिळालेला क्लब बोलावतो तेव्हा नाही म्हणणं अवघड, हे मला कळतं, पण ती त्याची मोठी चूक होती.

बोल्टनला पहिली दीड वर्षं बरी गेली, 2012 ला शेवटच्या दिवशी रेलिगेशन, म्हणजे खालच्या लीगमध्ये घसरण. त्याच सीझनमध्ये बोल्टनचा खेळाडू मुआम्बा मैदानात कोसळला तेव्हा अँब्युलन्समधून त्याच्याबरोबर हॉस्पिटलला कॉईल गेला होता, हेही लक्षात ठेवा. विगनला जेमतेम सहा महिने, मग ह्यूस्टन, ब्लॅकबर्न, रॉस काउंटी, कुठेच बस्तान बसलं नाही.

आता आपल्याकडचं. डिसेंबर 2019, चेन्नईच्या चेन्नईयिन क्लबचा सहा मॅचमध्ये एकच विजय. याने येऊन टीम चौथ्या नंबरवर आणली आणि सेमीफायनलला गाठ आमच्याशी, आम्ही लीगमध्ये पहिले. सेमीफायनलच्या दोन मॅच, दोन्हींचे गोल मिळून निकाल. पहिलीत चेन्नईत 4-1 मार खाल्ला. दुसरीला, 7 मार्चला, मी आमच्या फातोर्डा स्टेडियमला होतो, हाफटाइमला आम्ही 2-0 पुढे, अजून एक गोल झाला की बरोबरी, अख्खं स्टेडियम उभं. शेजारचे काका म्हणाले आता हे दहा जण मागे लावून बसणार. कुठलं काय! हाफटाइमनंतर ते सरळ अंगावरच आले, छांगटेने मारला, मग वाल्स्किसने मारला, आणि एवढी गर्दी असून इतकी शांतता मी तिथे कधी ऐकली नव्हती. आम्ही ती मॅच 4-2 जिंकलो, पण एकूण 6-5 ने हरून बाहेर गेलो. हाच छांगटे पुढे मुंबई सिटीचा स्टार झाला, पण त्याला बिनधास्त गोलकडे धावायला लावलं ते कॉईलनेच, असं मी ठामपणे म्हणेन. फायनल एटीकेकडून हरले, तीही कोरोनामुळे रिकाम्या फातोर्ड्यात.

मग कॉईल जमशेदपूरला. पहिल्या सीझनला सहावे. 2021-22 ला कोरोनामुळे सगळ्या मॅचेस गोव्यातच बबलमध्ये, प्रेक्षकांशिवाय, आम्ही घरात टीव्हीसमोर. स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबमध्ये फारशी संधी न मिळालेला ग्रेग स्टुअर्ट त्याने आणला, सलग सात मॅच जिंकल्या, 20 मॅचमध्ये 43 पॉइंट आणि लीगमध्ये पहिल्या येणाऱ्याला मिळते ती लीग शिल्ड. शिल्डची शेवटची मॅच मोहन बागानशी, रित्विक दासचा एक गोल, तेवढाच पुरला.

दर्जा कमी असता तर इथे आलेला प्रत्येक परदेशी कोच जिंकला असता ना, किती जण अर्ध्यातच घरी गेले ते आठवा. फरक एवढाच की इथे सीझन छोटा, हातात मिळालेली पोरं घाबरलेली, आणि घाबरलेल्या पोरांना पुढे ढकलणं हेच तर त्याला येतं. दीर्घ पल्ल्याची बांधणी त्याला जमली नाही, बोल्टनलाही नाही, हे मान्य. 2023 ला तो चेन्नईयिनला परत आला, 2024 च्या नॉकआउटला आम्ही त्याला 2-1 हरवलं, आणि तेव्हाही शेवटच्या मिनिटापर्यंत मी नखं खात होतो.