डोंगरातल्या उद्यानात लहरी हवा आणि किडे, दोन्हींसाठी काय तयारी करावी?

तुम्ही विचारलंय की सात वर्षांच्या मुलीला घेऊन दोन दिवस डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात जायचंय, तिथली हवा तासातासाला बदलते आणि डास-गोचिडींचाही त्रास आहे असं ऐकलंय, तर बॅगेत काय काय भरावं.

मला विचाराल तर बॅगेच्या यादीपेक्षा अंगावर काय घालता आणि किती वाजता कुठे असता याला जास्त महत्त्व आहे. हवा काय किंवा किडे काय, निम्मी लढाई तिथेच जिंकता येते.

आधी हवेचं बघू. दर हजार मीटर चढलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. पायथ्याशी गाडीतून उतरताना २४ अंश असतील आणि पायवाट दीड हजार मीटर वर जात असेल, तर माथ्यावर १४ च्या आसपास धरून चला. वारा असला तर अंगाला त्याहूनही गार वाटणार. त्यामुळे मोबाइलवर पायथ्याच्या गावाचा अंदाज बघून निघू नका, ज्या उंचीवर जायचंय तिथला बघा. आणि प्रवेशद्वारावर वनरक्षक भेटला तर दोन मिनिटं थांबून विचारा. काल दुपारी वर काय झालं हे त्याला माहीत असतं.

उन्हाळ्यात डोंगरात गडगडाट बहुधा दुपारनंतर होतो, कारण सकाळभर उतार तापतात, गरम दमट हवा वर चढते आणि तिचे ढग होतात. तेव्हा सगळ्यात उंच, उघडा भाग सकाळीच उरका आणि दुपार व्हायच्या आत खाली झाडीकडे वळा. पांढरे ढग रुंदीपेक्षा उंचीला वाढायला लागले, त्यांचा तळ काळवंडला, की पुढचा फाटा सोडून द्यायचा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर ती लांब आहे. पण खरं सांगायचं तर गडगडाट ऐकू आला म्हणजेच तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. मोजत बसू नका, धार सोडून उतरा. एकट्या झाडाखाली किंवा तंबूत थांबू नका. पक्की इमारत किंवा पत्र्याच्या छताची बंद गाडी बरी. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच बसा, मुलगी कितीही कंटाळली तरी.

कपड्यांत जीन्स आणि सुती टीशर्ट दोन्ही घरी ठेवा. सुती कापड घाम आणि पाऊस धरून ठेवतं आणि ओलं झालं की ऊब देत नाही. अंगालगत पटकन सुकणारा पूर्ण बाह्यांचा सदरा, त्यावर फ्लीस म्हणजे मऊ, हलकं, उबदार कापडाचं जॅकेट, सगळ्यात वर पाणी आणि वारा अडवणारं टोपीवालं जॅकेट. हे सगळे सांगतात. कमी जण सांगतात ते हे, की थर चढवायची वेळ थंडी वाजण्याच्या आधीची असते. चढताना फ्लीस काढा, नाहीतर घामानेच भिजाल. आणि थांबल्याबरोबर, अंग गरम आहे तोवरच, परत घाला. मुलं खेळण्याच्या नादात ‘मला नाही थंडी वाजत’ म्हणतात, तिकडे लक्ष देऊ नका. तिची बोटं हातात घेऊन बघा. ओल्या कपड्यांत वारा लागला तर १० अंशांतही शरीराचं तापमान धोकादायक खाली जाऊ शकतं. कापरं भरणं, जीभ अडखळणं, स्वतःची चेन लावता न येणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी आधी कोरडे कपडे घालायचे, बाकी सगळं नंतर. म्हणून मोज्यांचा एक जोड आणि एक सदरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून तळाशी ठेवा आणि खरी गरज पडेपर्यंत ती गाठ सोडू नका.

आता तेच जॅकेट किड्यांसाठीही कामाला येतं. अंगाला चिकटलेल्या पातळ लेगिंग्जमधून डास आरामात चावतात, सैल आणि घट्ट विणीच्या कापडातून नाही. रंग फिकट घ्या, त्यावर गोचीड चालताना दिसते. डास उडायला दुबळे असतात, थोड्या वाऱ्यातही त्यांना टिकता येत नाही. खाण्यासाठी बसायचं तर तळ्याकाठची गार सावली सोडून वारा लागणाऱ्या डोंगराच्या खांद्यावर बसा. पाऊस थांबला, वारा पडला, हवा कोंदट झाली की किडे उठणार हे ठरलेलं. पहाटे आणि संध्याकाळीही तेच.

उघड्या त्वचेला किडे दूर ठेवणारं औषध लावा, २० ते ३० टक्के डीट किंवा २० टक्के पिकारिडिन असलेलं. सनस्क्रीन आधी, ते सुकलं की हे वर. उंचावर ढगाळ हवेतही अतिनील किरणं जास्त असतात, त्यामुळे सनस्क्रीन लागणारच. किड्यांचं औषध मुलीच्या हातांना लावू नका, हात डोळ्यांत आणि तोंडात जातात. चेहऱ्यासाठी आधी स्वतःच्या तळव्यावर घेऊन मग तिला लावा. डीटने प्लॅस्टिक विरघळतं, चष्मा आणि घड्याळ जपा. माझी पसंती पिकारिडिनला, वास कमी आणि वस्तू शाबूत. कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारणार असाल तर ते त्वचेवर नाही, आणि घरात मांजर असेल तर पूर्ण सुकेपर्यंत तिच्यापासून दूर, कारण मांजरींना ते विषारी आहे. मोबाइलमधले आवाज काढून डास पळवणारे ॲप निरुपयोगी आहेत.

गोचिडीसाठी पँट मोज्यात खोचा, पायवाटेच्या मधोमध चाला आणि रोज संध्याकाळी मुलीला नीट तपासा. केसांची कड, कानामागे, काखा, कमरेचा पट्टा, गुडघ्याची मागची बाजू. गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, त्यामुळे नुसतं बघू नका, बोट फिरवा. सापडली तर टोकदार चिमट्याने अगदी त्वचेलगत, तोंडाजवळ पकडा आणि न पिळता, न झटकता, एकसारख्या ताणाने सरळ वर ओढा. पोट दाबू नका. तेल, रॉकेल, पेटती काडी यातलं काही नको. मग जागा साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा त्या जागेभोवती लाल चट्टा पसरत गेला, तर डॉक्टरांना भेटा आणि गोचीड चावल्याचं व ती तारीख आपणहून सांगा.