‘उग्लेर इ मूसेन’चे इंग्रजी शीर्षक: घुबडे सोडावीत, दलदल धरावी

गावातल्या दुकानाच्या हिशेबात वर्षानुवर्षे चाललेल्या अफरातफरीची ‘उग्लेर इ मूसेन’ ही नॉर्वेजियन कथा तुम्ही इंग्रजीत आणत आहात आणि ‘आउल्स इन द मॉस’ हे शब्दशः शीर्षक पक्षिनिरीक्षणाच्या पुस्तकाचे वाटते, ही तुमची अडचण अगदी खरी आहे. ‘शेवाळात घुबडे आहेत’ असे नॉर्वेजियन माणूस म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर ना घुबड असते ना शेवाळ. आपण ‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ म्हणतो, तेच त्याला म्हणायचे असते.

या वाक्प्रचाराचा इतिहास इथे तुमच्या उपयोगी पडेल. तो डॅनिशमधला आहे. डॅनिशमध्ये ‘मोसे’ म्हणजे दलदल, आणि त्या दलदलीत मुळात घुबडे नव्हती, लांडगे होते. लांडग्यांसाठीचा बोलीतला शब्द लोकांना कळेनासा झाला, तेव्हा त्याच्यासारखाच ऐकू येणारा घुबडांचा शब्द तिथे येऊन बसला. नॉर्वेजियनमध्ये तर याच शब्दाचा, ‘मूसे’चा, रूढ अर्थच शेवाळ, त्यामुळे दलदलही गेली. ज्या घुबडांचा जन्मच अशा गफलतीतून झाला, त्यांच्याशी इमान राखण्याचे बंधन अनुवादकावर नाही, असे माझे ठाम मत आहे.

नाद मात्र सांभाळावा लागतो. आस्ब्यर्नसेन आणि मू या संग्राहकांनी जमवलेल्या नॉर्वेजियन लोककथा जॉर्ज वेब डेसंट यांनी 1859 साली इंग्रजीत आणल्या, त्यांत पुलाखालच्या ट्रोलला, म्हणजे राक्षसाला, पुरून उरणाऱ्या तीन बोकडांची कथा आहे. मूळ शीर्षकात ‘बुक्केने ब्रूसे’ (‘बुक्केने’ म्हणजे बोकड) या अनुप्रासामागे, डोंगरावरच्या उन्हाळी कुरणात चरून लठ्ठ व्हायला निघालेले, असे लांबलचक शेपूट होते. डेसंट यांनी ते कापले आणि बोकडाच्या कपाळावरच्या केसांच्या झुपक्यावरून आलेल्या ‘ब्रूसे’च्या जागी ‘ग्रफ’, म्हणजे घोगरा, हा शब्द घातला. अर्थ बदलला, पण ‘गोट्स ग्रफ’मध्ये अनुप्रास टिकला, शिवाय थोरल्या बोकडाचा खरखरीत आवाज नावातच ऐकू येऊ लागला.

तुमच्या कथेला ‘समथिंग फिशी’ हे नाव अर्थाने चालेल, परंतु ते विनोदी कथेचे वाटते. ‘आय स्मेल अ रॅट’मध्ये उघड आरोपाचा सूर आहे आणि तुमच्याकडे तर संशय हळूहळू दाटत जातो. मी ‘अ रॅट इन द रीड्स’ सुचवेन. उंदरामुळे इंग्रजी वाचकाला ओळखीचा वाक्प्रचार आठवेल, लव्हाळ्यामुळे हरवलेली दलदल परत येईल आणि दोन ‘र’कारांमुळे नाव ओठांवर बसेल. कथेत एखादे पात्र मूळ वाक्प्रचार उच्चारत असेल, तर तिथेही हाच उंदीर आणा. नाहीतर शीर्षकाचा धागा इंग्रजी वाचकाला कथेत कुठेच सापडणार नाही.