आधी घड्याळ लाव, मग ड्रिल

अनेक उत्तम आशीर्वाद.

बोट घेतलीस, छान झालं. फोटो पाहिला. 19 फुटी शिडाची, वर उचलता येणारा कील (तळाचं जड पातं), दोघांना जेमतेम आडवं होता येईल एवढी केबिन. सोबत पाठवलेली फेरफारांची यादी मात्र बोटीपेक्षा लांब आहे. सोलर पॅनल, कपाटं, टॉयलेट, घडीचं टेबल! एक मोसम यातलं काहीही करू नकोस. आहे तशी चालव.

ट्रेलरवरच्या बोटी धूळ खात पडतात त्या वाऱ्याच्या भीतीने नव्हे, पाण्यात उतरवायच्या कटकटीने. डोलकाठी उभी करून शीड चढवायला दोन तास लागले, की तिसऱ्या रविवारी माणूस घरीच लोळतो. म्हणून आधी घड्याळ लाव आणि वेळ कुठे जातो ते लिहून ठेव. माझी 20 मिनिटं काठीला ताणून धरणाऱ्या गुंतलेल्या तारा सोडवण्यात जायची. बोट आवरताना तारा वेल्क्रोच्या पट्ट्यांनी काठीला चार जागी बांधायला लागलो आणि ते दुखणं संपलं. आजवरच्या सगळ्या फेरफारांत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी.

काठी उभी करण्याआधी वर बघायचं. विजेची तार दिसली तर जागा बदल. अ‍ॅल्युमिनियमची काठी तारेला लागून माणसं गेली आहेत, इथे हयगय नको.

धक्क्यावर पोचल्या पोचल्या ट्रेलर पाण्यात घालू नकोस. लांबून आल्यावर चाकांचे हब तापलेले असतात. गार पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मग ग्रीसचं दुधट लोणी होतं आणि पुढच्या खेपेला भर रस्त्यात बेअरिंग जातं. हब हाताला गार लागेपर्यंत काठीचं काम उरक.

आता ड्रिलबद्दल. पुष्कळ बोटींचा डेक म्हणजे फायबरग्लासचे दोन थर आणि मधे बाल्साचं लाकूड. मी होकायंत्रासाठी चार भोकं पाडली, भोवती सिलिकोन फासलं आणि स्वतःवर खूश झालो. दोन वर्षांनी तिथे पाय ठेवला तर डेक दबला. कापून पाहिलं तर आत काळा, ओला चोथा, बोटाने उकरता येईल असा. तेव्हा भोक हवं त्याहून मोठं पाड, ते इपॉक्सीने भर आणि कडक झाल्यावर त्यातून नेमकं भोक घे. क्लीट, म्हणजे दोर बांधायची खुंटी, बसवत असशील तर डेकच्या खालून जाड पट्टीही लाव.

एकच बदल मोसमाआधी कर: मोठं शीड आखडायच्या, म्हणजे रीफच्या, दोऱ्या कॉकपिटपर्यंत, सुकाणूशी बसायच्या जागेपर्यंत, आण. एवढ्याशा बोटीत लाटांवर पुढे जाऊन काठीला मिठी मारत गाठी मारणं वाईट. काठीशी जावं लागणार असलं, की आपण आखडणं पुढे ढकलतो, आणि तोवर वारा वाढलेला असतो.

मुक्काम किती लांब ठेवायचा याचा हिशेब 4 नॉटने, म्हणजे ताशी 4 सागरी मैलांनी धर, त्याहून जास्त नको. नांगराचा दोर मोजताना नुसती खोली धरून चालत नाही. पाणी 3 मीटर, पाण्यापासून नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) उंची 1, भरतीने चढणार 2, म्हणजे झाले 6. त्याच्या पाचपट, 30 मीटर सोड, वारा असेल तर आणखी. नांगराजवळ काही मीटर साखळी हवीच. सामानात पाणी सर्वांत जड, लिटरला किलो. ते मध्यभागी, तळाशी ठेव. सगळं मागे रचलंस तर बोट ढुंगण ओढत चालेल.

टॉयलेटचं म्हणशील, तर झाकणाची बादली पुरते.

कील उचलायची तार आणि ज्या खिळीवर तो फिरतो ती खिळी, दोन्हींचे जवळून फोटो पाठव. तार शेवटची कधी बदलली हे आधीच्या मालकाला विचार. तो आठवायला लागला, तर बदलूनच टाक.