दाराची कडी आणि एक कादंबरी

"आपा, हे पुस्तक वाचल्यापासून ती घाबरलीय. असली पुस्तकं मुलांच्या हाती द्यावीतच कशाला?"

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात समुपदेशन करताना हा प्रश्न मी अनेक आयांकडून ऐकला आहे. ही आई मूळची बांगलादेशातल्या सिल्हेटची. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्यांची चौदा वर्षांची मुलगी रात्री उठून दाराची कडी तपासायची. अब्बांना यायला उशीर झाला की फोनवर फोन करायची.

पुस्तक होतं मरीना बुधोस यांची २००६ सालची 'आस्क मी नो क्वेश्चन्स' ही कादंबरी. क्वीन्समध्येच राहणारं बांगलादेशी कुटुंब, व्हिसाची मुदत संपलेली. आश्रय मागायला ते कॅनडाच्या सीमेवर जातात, तिथून परत फिरवले जातात आणि वडील कोठडीत अडकतात. गोष्ट सांगणारी नादिराही चौदाचीच.

मी विचारलं, "भाबी, २००१ नंतरच्या त्या काळात भाईसाब इथेच होते का?"

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर, २००२ मध्ये अमेरिकी सरकारनं 'विशेष नोंदणी' सुरू केली. यादीतल्या ठराविक देशांतून तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या, सोळा वर्षं पूर्ण झालेल्या पुरुषांनी हजर व्हायचं, ठसे द्यायचे, प्रश्नांना उत्तरं द्यायची. यादीतल्या २५ देशांपैकी २४ मुस्लिमबहुल होते. बांगलादेश २००३ च्या जानेवारीत आला. ८० हजारांहून अधिक लोक स्वतःहून हजर झाले आणि त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणांना देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू झाली. कायदा पाळायला गेलेल्या माणसांवरच हे ओढवलं, याचा मला आजही संताप येतो.

मुलीचे वडील त्या रांगेत उभे राहिले होते, विद्यार्थी असताना. घरात हा विषय कधी निघाला नव्हता. पण बातम्या लागल्या की ते टीव्ही बंद करायचे, पोलिसांची गाडी दिसली की गप्प व्हायचे. मुलगी हे लहानपणापासून पाहत होती. कादंबरीत तिला त्याचं कारण सापडलं, असं मला वाटलं.

पुस्तक काढून घेऊ नका, आधी तुम्ही दोघं वाचा, एवढंच मी सुचवलं. 'कसं वाटलं?' असं मुलीला विचारू नका; 'नादिराच्या घरातलं कोणाचं वागणं तुला पटलं नाही?' असं विचारा. मुलं स्वतःबद्दल बोलायला कचरतात, पात्राबद्दल मात्र भरभरून बोलतात.

शाळेशी वेगळं बोलावं लागलं. वर्गात चर्चा निघाली की शिक्षिका सगळे प्रश्न तिच्याकडेच वळवत होत्या, जणू सगळ्या मुसलमानांच्या वतीनं तिनंच उत्तर द्यायचं. ते थांबवणं पुस्तकापेक्षा जास्त गरजेचं होतं.

तीन आठवड्यांनी वडील सोबत आले. कामावर जाता-येता ट्रेनमध्ये त्यांनी कादंबरी संपवली होती. नोंदणीच्या त्या दिवशी बाहेर पडल्यावर सिल्हेटला फोन करून "सगळं ठीक आहे, अम्मा" असं आपण कसं सांगितलं, हे त्यांनी मुलीला सांगितलं होतं.

कडी तपासणं कमी झालंय, थांबलेलं नाही. आणि आता तिला दादीला फोन करून विचारायचंय, तेव्हा तुला ते खरंच पटलं होतं का?